शिकारीची रजा

झ्युरिकच्या पलीकडे, उंच पहाडातल्या प्लाउन-सुत गावात प्लात्सी बेर्तेर म्हणजे बडी असामी. हॉटेल त्याचं, हॉटेलामागची स्की-लिफ्ट त्याची, लिफ्टच्या खालच्या ठाण्यावरचं दोन खोल्यांचं घरही त्याचंच. वडील अचानक गेले आणि तिशीच्या आत हे सगळं आयतं त्याच्या पदरात पडलं. तेव्हापासून गावात त्याला "नाही" म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. वर्षातले एकोणपन्नास आठवडे असं चाले. उरलेले तीन आठवडे तो साधा शिपाई होता.

आमच्या देशात फौज अशीच आहे. पगारी सैनिक अगदी थोडे. बाकी सगळे आपापल्या दुकानातून, गोठ्यातून, बँकेतून उठतात, घरच्या कपाटातला गणवेश आणि रायफल काढतात आणि दरवर्षी तीन आठवडे हजर होतात. तिथे हुद्दा कमवावा लागतो, आणि बेर्तेरला काहीही कमवायची सवय नव्हती. उलट हॉटेलाची सबब सांगून त्याने तीनदा हजेरी पुढे ढकलली होती. पुढे ढकललेली हजेरी माफ होत नाही, साचते. तेव्हा बरोबरीची पोरं मोकळी झाली तरी हा अजून शिल्लकच.

त्याची कॅप्टन होती कोर्सिना तुओर. तीन आठवडे कॅप्टन. उरलेलं वर्ष ती त्याच्याच लिफ्टची यंत्रं सांभाळायची, हिवाळ्यात पहाटे उतारावर बर्फ दाबायचं ते अवाढव्य वाहन चालवायची, आणि म्हाताऱ्या बापासोबत त्याच्याच त्या दोन खोल्यांत राहायची. एकमेकांच्या डोक्यावर आळीपाळीने बसायची अशी सोय जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

त्या वर्षी राजधानीतल्या कुणा शहाण्याने आमच्या पहाडी कंपनीची तारीख सप्टेंबरात टाकली. ज्याने टाकली त्याने जन्मात डोंगरबोकड पाहिला नसावा, ताटातसुद्धा नाही. सप्टेंबर म्हणजे शिकार. सप्टेंबरात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, सुतार दार बसवायला येत नाही, आणि कुणी मेलंच तर मयताला आलेली माणसंही डोळ्याच्या कोपऱ्यातून कड्याकडे बघत असतात. त्यातही पहिला दिवस म्हणजे सणच.

पहिल्या सकाळी शाळेच्या मैदानावर कंपनी रांगेत उभी राहिली तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता, आणि कोर्सिनाला तो ठाऊक होता.

"शिकारीसाठी रजा कुणालाही नाही," ती म्हणाली. "मागायला येऊ नका, तुमचाही वेळ जाईल आणि माझाही. आणि मलासुद्धा नाही."

शेवटचं वाक्य ऐकून रांगेतली कुरकूर थांबली. कारण कोर्सिना आणि तिचा बाप याकेन दरवर्षी पहिल्या दिवशी पहाटे वरच्या कड्यावर असतात, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. याकेनचे गुडघे आता बोलायला लागले होते. यंदा जमलं तर जमलं, असं तो स्वतःच म्हणत होता. त्याची कदाचित शेवटची शिकार, आणि पोरगी खाली मैदानावर माणसं मोजत उभी.

तरीही एकजण आलाच. कुर्डिन नावाचा लाकूडतोड्या, तीन पोरांचा बाप. एक हरीण मिळालं की त्याच्या घरी हिवाळाभर मांस पुरायचं. त्याने विचारलं, ती नाही म्हणाली. तो "समजलं, कॅप्टन," एवढंच बोलला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. ते न बघणं तिला दिवसभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बेर्तेर आला.

कंपनीचं कार्यालय शाळेच्या हस्तकलेच्या वर्गात थाटलं होतं. भिंतीवर पोरांनी चिकटवलेली कागदी साळिंदरं तशीच होती. बेर्तेरने टाचा जुळवल्या, "कॅप्टन, शिपाई बेर्तेर!" म्हणाला, पण म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. नाटकात राजाची भूमिका करणाऱ्या आपल्याच गड्याला मुजरा करावा, तसं.

"बोला."

"गुरुवार-शुक्रवार रजा हवी होती. धंद्याची अडचण आहे. झ्युरिकचे पाहुणे येतायत, मोठी मंडळी. स्वयंपाकघर कोण बघणार?"

"दरवर्षी जे बघतात तेच. तुमची बहीण आणि आचारी."

"आचारी आजारी आहे."

"काल संध्याकाळी तो आमच्या बाबांना दारात भेटला. सायकलवरून चढ चढत होता." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही शेवटचं भांडं कधी उचललंत मला आठवत नाही, आणि मी त्या स्वयंपाकघरात दहा वर्षं जेवते आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? शिकारीला जायचंय ना?"

बेर्तेरने मागे वळून दार लावलं आणि न विचारता पोरांच्या बुटक्या बाकावर बसला.

"अगं कोर्सिना, आता आपण दोघंच आहोत. किती ताणशील? दोन दिवसांचा प्रश्न आहे. कुणाला कळतंय?"

"उभे राहा."

"कोर्सिना—"

"शिपाई बेर्तेर, उभे राहा."

तो उठला. पण हसू आता गेलं होतं, आणि त्याच्या जागी हॉटेलचा मालक आला होता.

"ठीक आहे, कॅप्टन. मग मीही नियमानेच बोलतो. सेवा संपल्यावर चार आठवडे कायदा तुमच्या बाजूने आहे. त्या चार आठवड्यांत मालकाला नोकराला काढता येत नाही. मला माहीत आहे, मी वाचलंय. पण पाचवा आठवडा येतोच ना? तुमच्या बाबांचं वय काय हो आता? या वयात घर बदलायचं म्हणजे जरा जडच."

खोटं कशाला सांगायचं, कोर्सिना घाबरली. नोकरी गेली तर घर गेलं, आणि घर गेलं तर म्हातारा कुठे जाणार? त्या ठाण्यावर त्याने उभी हयात काढली होती. पण घाबरायला वेळ लागतो, आणि समोर माणूस उत्तराची वाट बघत उभा होता.

"रजा नामंजूर," ती म्हणाली. "गुरुवारी दारूगोळ्याच्या तंबूवर तुमचा पहारा आहे. पाळी आधीच लागली आहे, मी लावलेली नाही. जा."

संध्याकाळी तिने बापाला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"कोण, प्लात्सी?" याकेन म्हणाला. "तो प्लात्सी? लहान असताना लिफ्टच्या दांडीला लटकला होता आणि वर अर्ध्या वाटेत भोकाड पसरलं होतं. मीच उतरवला खाली. चड्डी ओली होती."

"बाबा, मी घराबद्दल बोलतेय."

"मीही घराबद्दलच बोलतोय. त्याचं घर कुठे आहे ते? त्याच्या बापाचं होतं."

"म्हणजे काय करू?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यालाही धक्का बसला होता, तो काही दगडाचा नव्हता.

"हे बघ पोरी, मी नुसता लान्स कॉर्पोरल. त्याच्या पुढे मला कुणी जाऊ दिलं नाही आणि बरंच केलं. तुझ्या जागी असतो तर माझी पाचावर धारण बसली असती. पण तू कॅप्टन आहेस ना?"

"आहे."

"मग मला कशाला विचारतेस?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "तुम्ही पहिल्या दिवशी एकटे वर जाऊ नका हं," ती म्हणाली.

"नाही जात. दारातल्या बाकावर बसेन, दुर्बिणीतून बघेन. बोकड काही मला सोडून मरत नाहीत. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी नक्की. डिसेंबरात मी कंपनी सोडतेच आहे. झाली तेवढी कप्तानी पुरे."

बेर्तेर मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. बुधवारी दुपारी मेजर आर्पागाउसचा फोन आला. आर्पागाउस एरवी दातांचा डॉक्टर, फौजेत बटालियनच्या कार्यालयात रसद बघणारा अधिकारी, आणि दर सप्टेंबरात बेर्तेरचा शिकारीतला जोडीदार.

"तुओर, हा काय पोरखेळ लावलायस? सोड ना त्याला दोन दिवस. चांगला माणूस आहे. एवढ्या तेवढ्यावरून गावात वाकडं घेऊ नये."

"मेजर, हा हुकूम आहे की इच्छा?"

"म्हणजे?"

"हुकूम असेल तर कर्नलसाहेबांचा असला पाहिजे. तसं असेल तर सांगा, मी त्यांना विचारून खात्री करते. इच्छा असेल तर ऐकली."

"तू मला शिकवतेस?"

"नाही. विचारतेय."

मेजर हुद्द्याने कॅप्टनच्या वर, यात वाद नाही. रस्त्यात दिसला तर तिनेच आधी सलाम करायचा. पण हुद्दा वेगळा आणि हुकमाची साखळी वेगळी. शिपायावर सेक्शनचा सार्जंट, त्याच्यावर प्लाटूनचा लेफ्टनंट, त्याच्यावर कंपनीची कॅप्टन, आणि तिच्यावर थेट बटालियनचा कर्नल. या साखळीत आर्पागाउसची कडी कुठेच नव्हती. शेजाऱ्याने भिंतीवरून डोकावून आपल्या चुलीतली लाकडं मागे ओढायला सांगावं, तसा त्याचा प्रकार. ओढायची की नाही ते घरधनीण ठरवते.

मेजरने फोन ठेवला. तासाभराने खुद्द कर्नलचा आला.

"आर्पागाउस माझ्यासमोर तोंड पाडून बसलाय," कर्नल म्हणाला. "ऐक, तुओर. कंपनी तुझी आहे. मी मधे पडणार नाही. त्याच्या बाजूने नाही, आणि उद्या तुझ्यावर काही शेकलं तर तुझ्याही बाजूने नाही. समजलं?"

"समजलं, कर्नल."

"डिसेंबरात जाणार ते पक्कं?"

"पक्कं."

गुरुवार उजाडला तोच स्वच्छ, निळा, शिकाऱ्याला वेड लावणारा. पहिली गोळी उजाडताच ऐकू आली. मग दुसरी. कड्याकड्यावरून आवाज घरंगळत खाली येत होते आणि मैदानावर आमची शे-सव्वाशे माणसं दोर वळत, जाळ्या दुमडत, तोंडं लांब करून ऐकत होती. दर गोळीला कुणीतरी हळूच म्हणे, "हा वरच्या खिंडीत," "हा ओढ्यापाशी, चुकला बहुतेक." कुर्डिन कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. ती कुऱ्हाड सकाळपासून तिसऱ्यांदा धारेला लागली होती.

सार्जंट मेजर काथोमास, जो एरवी आमच्या खोऱ्यात टपाल वाटतो, कोर्सिनाजवळ येऊन म्हणाला, "कॅप्टन, आज यांना जेवण जरा बरं द्यायला सांगितलंय. सुतकात गोड चालत नाही, पण चीज चालेल."

"द्या. आणि चला, वर पहारा बघून येऊ."

दारूगोळ्याचा तंबू शाळेच्या वर, रानाच्या कडेला होता. दोघं पाऊलवाटेने चढून गेले. शेवटच्या वळणावर काथोमासने एकदम तिचा दंड धरला.

रानाच्या कडेला, उन्हात, एक डोंगरबोकड उभा होता. काळाभोर, भरलेला, शिंगं आकड्यासारखी मागे वळलेली. पहिल्या दिवशी कड्यावर गोळ्या सुटल्या की शहाणी जनावरं खाली उतरतात, आणि हा बेटा थेट फौजेच्या आश्रयाला आला होता. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर तंबूसमोर शिपाई बेर्तेर उभा होता. त्याच्या खांद्याला सरकारी रायफल लागली होती, गाल दस्त्यावर टेकला होता, आणि नळी बोकडाच्या खांद्यामागच्या त्या जागेवर स्थिर झाली होती, जी जागा आमच्याकडचं शाळकरी पोरसुद्धा दाखवील.

पहाऱ्याच्या रायफलीत खऱ्या गोळ्या असतात. त्या कशासाठी असतात हेही सगळ्यांना माहीत असतं. पण पहाडातल्या माणसासमोर पहिल्या दिवशी असा बोकड आला की हात डोक्याला विचारत नाहीत. खरं सांगायचं तर त्या क्षणी कोर्सिनाच्या उजव्या हाताचं बोटसुद्धा आपोआप वळलं होतं.

"शिपाई बेर्तेर," ती म्हणाली. ओरडली नाही.

बोकडाने मान वळवली आणि दोन उड्यांत रानात नाहीसा झाला. बेर्तेरने रायफल खाली घेतली. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मी... मी नुसतं बघत होतो. दुर्बिणीतून बघावं तसं."

"रायफल सार्जंट मेजरांकडे द्या. बदली माणूस येईपर्यंत पहारा ते करतील. संध्याकाळी कार्यालयात या."

खाली येऊन तिने बदली माणूस वर पाठवला. ती कार्यालयाकडे निघाली तेव्हा काथोमासने तिला वाटेतच गाठलं. दुसरा पहारेकरी आला होता आणि हा धापा टाकत धावत आला होता.

"कॅप्टन, एक सांगू? टपालवाला म्हणून सांगतो, सार्जंट मेजर म्हणून नाही."

"सांग."

"हे वर कळवलं तर कोर्टापर्यंत जाईल. सरकारी गोळी, पहाऱ्यावर, जनावरावर नेम. शिकारीचा परवानाही जायचा. म्हणजे तो आता तुझ्या मुठीत आहे गं! पाहिलं तू आणि मी. माझ्या तोंडाला कुलूप. तू नुसतं त्याला म्हण, बाबा रे, मी गप्प, तू गप्प. नोकरी राहिली, घर राहिलं, म्हातारा राहिला. नाक दाबलं की तोंड उघडतं."

कोर्सिना चालत राहिली. असा विचार तिच्या मनात आलाच नव्हता असं कुणी समजू नये. बोकड रानात शिरायच्या आधीच तो आला होता.

"आणि कुर्डिनने नेम धरला असता तर?" तिने विचारलं.

"कुर्डिनकडे काय आहे तुला द्यायला?"

"तेच म्हणतेय."

काथोमासने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "मग देवच तुझं भलं करो," तो म्हणाला, "कारण प्लात्सी काही करणार नाही."

संध्याकाळी बेर्तेर आला तो पार बदललेला. दुपारभर त्याने हिशोब केला असावा आणि त्याचा हिशोब काथोमासच्या हिशोबाशी जुळला असावा. टाचा या वेळी मनापासून जुळल्या.

"तुमचं म्हणणं काय आहे?" कोर्सिनाने विचारलं.

"म्हणणं काही नाही. चूक झाली." मग त्याने आवाज उतरवला. "कॅप्टन, परवा मी जे बोललो ते रागात बोललो. ते विसरून जा. घर तुमचं आहे, बाबा जिवंत असेपर्यंत त्यांना कुणी हलवणार नाही. हवं तर लिहून देतो. माणसाने माणसाला सांभाळून घ्यावं. नाही का?"

कोर्सिनाने त्याच्याकडे बघितलं. एक "हो" म्हटलं की झालं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. भिंतीवरची कागदी साळिंदरं बघत होती, दुसरं कुणी नव्हतं.

"मी तुम्हाला भाव विचारला का?" ती म्हणाली.

"अं?"

"तुम्ही घराचा भाव करताय. मी काही विकायला काढलेलं नाही. पहाऱ्यावर असताना तुम्ही जनावरावर नेम धरलात. चाप ओढला नाही, म्हणून मी हे माझ्याच हातात मिटवतेय. उरलेले सगळे दिवस संध्याकाळी छावणीबाहेर पडायचं नाही. शिक्षा तुमच्या नावावर लागेल, आणि उद्या सकाळी कंपनीसमोर वाचली जाईल. कुर्डिनने केलं असतं तर त्यालाही हेच मिळालं असतं. शिक्षा झाली की विषय संपला. यापुढे तुम्ही माझं काही देणं लागत नाही आणि मीही तुमचं काही देणं लागत नाही."

बेर्तेरला समजायला वेळ लागला. मग त्याच्या लक्षात आलं. शिक्षा झाली, म्हणजे लपवायचं काही उरलं नाही, म्हणजे तिच्या हातातला हुकमाचा पत्ता तिने स्वतःच्या हाताने खाली टाकला. असं कुणी करतं? त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धमकीने जो माणूस नमत नाही त्याला आपण सहन करतो, पण ज्याला आपलं दानही नको असतं तो डोळ्यांत खुपतो.

"मूर्ख आहेस तू, कोर्सिना," तो म्हणाला.

"मूर्ख आहात तुम्ही, कॅप्टन," तिने दुरुस्त केलं. "जा."

दुसऱ्या सकाळी शिक्षा वाचली गेली. कुर्डिनने, चार दिवसांत पहिल्यांदा, तिच्याकडे सरळ बघितलं.

तिसरा आठवडा संपला. शेवटच्या दिवशी सलामी होऊन बटालियनचा झेंडा परत गेला, कर्नल दोन शब्द बोलून गेला, आणि मैदानावर कंपनी शेवटची उभी राहिली. कोर्सिनाने "बरखास्त!" म्हटलं की त्या एका शब्दात सगळं बदलतं. कॅप्टन लिफ्टवाली होते, सार्जंट मेजर टपालवाला होतो, आणि शिपाई मालक होतो. बेर्तेर त्या शब्दाची तीन आठवडे वाट बघत होता. पण माणसाला धीर कुठे असतो! ती तोंड उघडणार एवढ्यात तो रांगेतून एक पाऊल पुढे आला.

"कोर्सिना तुओर," सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "सोमवारपासून यायचं नाहीस. किल्ल्या बहिणीकडे दे."

कोर्सिना त्याच्याजवळ चालत गेली, अगदी समोर उभी राहिली आणि त्याच्या कॉलरवरच्या बिनफितीच्या बिल्ल्याकडे बघितलं.

"शिपाई बेर्तेर, तुम्ही अजून गणवेशात आहात. मी अजून बरखास्त म्हटलेलं नाही. सेवेत असताना दिलेली नोटीस कायद्याने रद्दी असते, हे तुम्ही वाचलंय ना? चार आठवडे थांबा आणि मग कागदावर द्या. मी घेईन. आता रांगेत जा."

तो हलला नाही.

"रांगेत जा," ती पुन्हा म्हणाली. "माझ्यासाठी नाही. तुम्ही नीट उभे राहिल्याशिवाय यांना घरी जाता येत नाही."

मागून कुर्डिनचा जाड आवाज आला, "प्लात्सी, लेका, शिकार संपत आली! मागे हो!" आणि सगळं मैदान हसलं. बेर्तेर लालबुंद होऊन एक पाऊल मागे गेला. मग कोर्सिनाने तो शब्द उच्चारला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. पण चार आठवडे संपले आणि पाचव्या आठवड्यात नोटीस आली. कागदावर, व्यवस्थित. पाहुणे हसत होते, बिअर विकली जात होती, गावातली माणसं बेर्तेरला सकाळी रामराम करतच होती. मैदानावर हसणं वेगळं आणि हिवाळ्याचं काम देणाऱ्याशी वैर धरणं वेगळं. त्यांना मी नावं ठेवत नाही. कायद्याने कोर्सिनाला त्या घरात अजून काही महिने राहता आलं असतं. पण याकेन म्हणाला, "त्याच्या छपराखाली मला झोप लागायची नाही," आणि विषय मिटला. वरच्या गावात आतेभावाने गोठ्यावरच्या दोन खोल्या दिल्या. कामाचं अजून कुठे जमलं नव्हतं.

त्याच सुमारास कर्नलचा फोन आला. डिसेंबरात कंपनी कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवायचं होतं. कोर्सिनाने फोनवर हात ठेवून बापाकडे बघितलं. तो खोक्यात भांडी भरत होता.

"काय विचारतोय?" याकेनने विचारलं.

"सोडणार का म्हणून."

"एक गेलं तेवढं बस. सगळंच काय प्लात्सीला देऊन टाकतेस?"

तिने हात काढला. "कर्नल, मी आणखी एक वर्ष राहते," ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या एका करड्या सकाळी आतेभावाचा ट्रॅक्टर ठाण्यासमोर उभा होता. पलंग चढला, लोखंडी चूल चढली, शिकारीच्या शिंगांची फळी चढली. याकेन गळ्यात दुर्बीण अडकवून ट्रॉलीवर खुर्चीत बसला होता, देवळातल्या मूर्तीसारखा. समोर, हॉटेलाच्या भिंतीवरच्या सूचनाफलकाशी, ग्रामपंचायतीचा माणूस खळ लावून एक मोठं पत्रक चिकटवत होता. दरवर्षी या दिवसांत ते लागतं. कुठल्या बटालियनने पुढच्या वर्षी कधी हजर व्हायचं, त्या तारखा.

बेर्तेर हात खिशात घालून हॉटेलातून बाहेर आला. सामान जाताना बघायलाच आला असावा. मग त्याची नजर पत्रकावर गेली. तो जवळ गेला, मान पुढे काढून ओळ शोधली आणि तिथेच थांबला.

कोर्सिना शेवटचं खोकं घेऊन बाहेर आली. तिनेही ते बघितलं. खोकं ट्रॉलीवर ठेवून ती फलकापाशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आमची बटालियन. पुन्हा सप्टेंबर. त्याच शहाण्याने पुन्हा तीच चूक केली होती, आणि शिकारीचा पहिला दिवस पुन्हा बरोबर मधोमध येत होता.

"तू तर कंपनी सोडणार होतीस," बेर्तेर हळूच म्हणाला.

"होते."

"मग?"

"तुम्ही तीनदा हजेरी पुढे ढकललीत, बेर्तेर. तुमच्या अजून दोन शिल्लक आहेत."

बेर्तेरचे हात खिशातून बाहेर आले.

तेवढ्यात कोर्सिनाच्या मनात दुसरीच गोष्ट आली, आणि तिने वळून ट्रॉलीकडे बघितलं. पुढच्या वर्षी नक्की, असं ती म्हाताऱ्याला म्हणाली होती. त्याचे गुडघे आणखी एक सप्टेंबर थांबणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. याकेनने दुर्बीण डोळ्यांना लावली होती. कड्याला नाही, पत्रकाला. तारीख त्याने केव्हाच वाचली होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो खुर्चीतूनच ओरडला. "त्याच्याकडे बघ."